झेडपीची शाळा चांगली आहे हे ओळखायचं कसं?

वाचकांनी विचारायचं आणि बाईंनी सांगायचं, असं हे सदर. बाई 21 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत होत्या आणि पुढची 9 वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या, होत्या. या वेळी शाळेबद्दलची तीन पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: बाई नमस्कार. आम्ही दोघं पुण्यात आयटीत होतो, आता घरूनच काम असतं म्हणून दीड वर्षापूर्वी गावी आलो, वाई तालुक्यात. मुलीला ऑक्टोबरमध्ये सहा पूर्ण होतील, येत्या जूनला पहिलीत घालायचीय. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, पट 38, दोन शिक्षक. सासरे म्हणतात आम्ही सगळे इथेच शिकलो, हिलाच काय धाड भरलीय. जाऊबाईंची मुलं पिवळ्या बसने तालुक्याला इंग्लिश मीडियमला जातात, त्या म्हणतात वेड लागलंय का तुम्हाला. मी दोनदा जाऊन आले. भिंती मस्त रंगवल्यात, स्मार्ट टीव्ही आहे, मॅडम गोड बोलल्या, पण त्यावरून मला खरंच काही कळलं नाही. तुम्ही एवढ्या शाळा तपासल्यात, तुम्ही काय बघायचात?
– एक आई, वाई

उत्तर: तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस म्हणून अगं-तुगंच करते, राग मानू नकोस. आधी वयाचं सांगून टाकते, 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत घेतात, म्हणजे तुझी बसते, तो प्रश्न मिटला.

आता भिंती. भिंतीवरून शाळा ओळखायची नाही कारण रंगाचा पैसा वेगळ्याच खिशातून येतो.. कधी ग्रामपंचायत देते, कधी एखादी कंपनी देते, कधी मुंबईला जाऊन मोठा झालेला गावचा माणूस देतो, आणि ‘माझी शाळा, सुंदर शाळा’सारखं अभियान आलं की मार्कांसाठी आठवड्याभरात सगळं रंगून निघतं. त्यात वाईट काही नाही हं, पोरांना रंग आवडतात. पण माझ्या केंद्रात एक शाळा होती, बाहेरून बघितली तर महाबळेश्वरचं रिसॉर्ट वाटावं. तिसरीचा वर्ग. सर म्हणाले मॅडम वाचन घ्या. एक पोरगा उठला आणि खडाखडा वाचायला लागला, काय ते उच्चार, काय ते चढउतार, मी तर खूषच. तेवढ्यात पान संपलं, हा पान उलटायचं विसरला, आणि वाचन आपलं चालूच! पुढचं अर्धं पान त्याने मागच्याच पानाकडे बघत म्हणून दाखवलं. पोराची काही चूक नव्हती, मॅडम येणार म्हणून तो धडा त्याच्याकडून घोकून घेतला होता. माझ्या पर्समध्ये कुणाची तरी लग्नपत्रिका होती, ती पुढे धरली. आता ‘चि. सौ. कां.’वर अडकला असता तर मी समजू शकले असते, तिथं मोठी माणसंही अडखळतात. पण हा ‘शुभविवाह’च्या ‘शु’वरच थांबला आणि म्हणाला, ‘बाई, हे आमच्या पुस्तकात नाहीये.’

म्हणून पहिली गोष्ट, वाचन बघायचं ते पुस्तकाबाहेरचं बघायचं, आणि शाळेत नाही तर पारावर बघायचं. तू गावातच राहतेस, ही तुझी मोठी सोय आहे. रविवारी तिसरी-चौथीतली चार-पाच पोरं गोळा कर, सगळ्यात हुशार असेल त्याला मुद्दाम वगळ (हुशार पोरगं वाईटातल्या वाईट शाळेतही असतंच, ते घरून शिकून येतं), दोन मधली घे आणि एखादं मागे पडलेलं घे. छोटी गोष्ट वाचायला दे, दहा-बारा ओळींची, साधी वाक्यं. ‘प्रथम’ संस्थेची माणसं 2005 पासून ‘असर’च्या पाहणीत हेच करतात, शाळेत न जाता घरी जाऊन पोराच्या हातात एक कागद देतात, अक्षरं, शब्द, मग छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट, आणि पोरगं कुठे थांबतं ते लिहून घेतात. इतकं साधं आहे. सरकारचं 2021चं निपुण भारत अभियान म्हणतं की तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द समजून वाचावेत. तू घड्याळ लावून बसू नकोस, पोरं घाबरतात. ओळीवर बोट ठेवून अक्षर अक्षर जोडतंय का सरळ वाचतंय एवढं कानाला कळतं, आणि वाचून झाल्यावर विचार, ‘मग ती म्हातारी का रडली?’ जे पोरगं स्वतःच्या शब्दांत सांगतं ते वाचतंय. जे परत तेच वाक्य वाचून दाखवतं ते अजून वाचत नाहीये, कितीही फास्ट वाचलं तरी.

मग एक वजाबाकी दे. 43 वजा 17. एवढंच. बऱ्याच पोरांचं उत्तर 34 येतं, कारण सातातून तीन काढले चार, चारातून एक काढला तीन, मोठ्यातून छोटा काढायचा एवढंच डोक्यात बसलेलं असतं. 26 आलं तरी लगेच शाबासकी देऊ नकोस, विचार की चाराचे तीन कसे झाले. ‘बाईंनी सांगितलंय तसं करायचं’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलंय. आणि एकदाच, पावसाळ्यात, छत गळत होतं म्हणून सगळा वर्ग एका कोपऱ्यात सरकून बसलेला अशा एका शाळेत, दुसरीतल्या एका पोरीने रबर लावलेला दहा काड्यांचा गठ्ठा घेतला, रबर काढून मनगटात घातलं, काड्या माझ्यासमोर पसरल्या आणि म्हणाली ‘गठ्ठा सोडल्याशिवाय सुट्या कुठनं येणार बाई?’ त्या शाळेच्या भिंतीला रंग सोड, प्लास्टरसुद्धा धड नव्हतं. माझ्या तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘भौतिक सुविधा’ला अख्खं पान होतं आणि ह्या गठ्ठ्यासाठी एक ओळ नव्हती, शेरा मी मागच्या बाजूला लिहिला, तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

दुसरं म्हणजे वह्या. मॅडमना विचारून चौथीच्या सात-आठ वह्या मागून घे. ‘माझी आई’ निबंध सगळ्यांचा शब्दन् शब्द एक असेल, सगळ्यांच्याच आया पहाटे पाचला उठत असतील आणि सगळ्यांच्याच आईला पुरणपोळी छान येत असेल, तर तो फळ्यावरून उतरवलेला निबंध आहे. चुका असलेली पण वेगवेगळी वाक्यं दिसली, कुणाची आई उसाला गेलीय, कुणाची मोबाइल बघत बसते असं काही, तर मला ती वही जास्त आवडेल. तारखा बघ, मध्येच पंधरा दिवस कोरे आहेत का. आणि लाल पेनच्या खुणा बघ, नुसती पानभर एक मोठी बरोबरची खूण आहे का चुकलेल्या शब्दाशी कुणीतरी थांबलंय. वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला की अर्ध्या तासात वर्षभराचं काम दिसतं, मी तर हल्ली नातवाच्याही वह्या अशाच बघते आणि सून वैतागते.

तुझ्याकडे दोन शिक्षक आणि चार वर्ग आहेत, खरी परीक्षा इथं आहे बघ. लोकांना वाटतं दोनच शिक्षक म्हणजे अन्याय झाला, पण कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच मिळतात (त्याच्या पुढे नव्वदपर्यंत तीन), त्यामुळे 38ला दोन म्हणजे नियमात आहे, एका शिक्षकामागे 19 पोरं, तुमच्या जाऊबाईंच्या शाळेत विचार एका वर्गात किती आहेत. भानगड वेगळीच आहे.. एक शिक्षक पहिली-दुसरी घेतो, दुसरा तिसरी-चौथी. तर तू परवानगी घेऊन परिपाठापासून सुटीपर्यंत मागे बस आणि मॅडमकडे बघू नकोस, मॅडम ज्या पोरांना त्या वेळी शिकवत नाहीयेत त्यांच्याकडे बघ. पहिलीवाल्यांना शिकवताना दुसरीवाली काय करतायत? ‘पाढे दहा वेळा लिहा’ सांगून बसवलीयत का काहीतरी गटात चाललंय, एकमेकांना वाचून दाखवतायत, चिंचोके मोजतायत, भांडतायत का होईना? द्विशिक्षकी शाळा चालवणं हे कसब आहे आणि ते ज्यांना जमतं ती माणसं मला शहरातल्या भारी शाळेतल्या टीचरपेक्षा हुशार वाटतात, खरंच सांगते.

आणि दोघांपैकी एक गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही. पण माहिती भरणं, फोटो अपलोड करणं, लिंक, ट्रेनिंग, मीटिंग.. ती कामं ‘शैक्षणिक’ म्हणूनच येतात ना! (मीसुद्धा केंद्रप्रमुख म्हणून ग्रुपवर ‘आज दुपारी तीनपर्यंत माहिती द्या’ असले मेसेज टाकलेत, नाकारत नाही.) तर गोड बोलणाऱ्या त्या मॅडमना गोडीतच विचार, मागच्या महिन्यात किती दिवस दोघंही शाळेत होतात? उत्तर देताना त्या हसतील का सुस्कारा टाकतील का विषय बदलतील त्यावरूनही बरंच कळेल.

खिचडी एकदा तिथंच बसून खा. वाढायच्या आधी शिक्षकाने चव बघून नोंदवहीत लिहायचं असतं, ते रोज होतं का महिनाअखेरीस एकदम, हे शाईवरून दिसतं. मुलींचं शौचालय उघडं आहे का कुलपात, आणि किल्ली कुणाकडे. बास, सुविधांचं एवढंच बघ.

पटाचा कल मात्र बघ. शाळेच्या दर्शनी भागावर 11 आकडी यूडायस नंबर (सरकारदरबारी शाळेचा ओळख क्रमांक) लिहिलेला असतो, आपल्याकडचे सगळे 27ने सुरू होतात, तो टाकून यूडायस प्लसच्या साइटवर शाळेची माहिती निघते. चौथीत 14 आणि पहिलीत 4 असं असेल तर गाव शाळेवरचा विश्वास काढून घेतंय, किंवा गावात लहान पोरंच कमी झालीयत, दोन्ही शक्य आहे, अंगणवाडीत किती पोरं आहेत ते विचारलं की उलगडा होतो.

लोक अजून एक कसोटी सांगतात, शिक्षकांची स्वतःची मुलं कुठे शिकतात. माझी दोन्ही मुलं शहरात अनुदानित शाळेत शिकली, कारण आम्ही तिथं राहायचो आणि माझ्या दर काही वर्षांनी बदल्या व्हायच्या. त्यामुळे ह्या कसोटीचं मी काही बोलत नाही.

पण बदल्यांचं बोलते, कारण ह्या सगळ्याच्या वर तेच आहे. झेडपीची शाळा म्हणजे इमारत नाही, तिथला माणूस. सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी कुणाला माहीत होतं? रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले, 2020मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरमधले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटले, आणि माढा तालुक्यातली एक छोटी शाळा जगभर गेली. तसा माणूस उद्या बदलून गेला की शाळा तीच राहते का? म्हणून विचार, हे दोघं इथे कधी आले आणि ऑनलाइन बदलीला पात्र कधी होतायत. दोघंही येत्या मेमध्ये जाणार असतील तर तुझी सगळी पाहणी निघून जाणाऱ्या माणसांची झाली. एक जण जरी तीन-चार वर्षं राहणार असेल, आणि पहिली-दुसरी त्याच्याकडेच असेल, तर तुझ्या पोरीच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी चांगली बातमी आहे.

आता इंग्लिश मीडियम. मी त्याच्या विरुद्ध वगैरे नाही. फक्त जी चाचणी झेडपीला लावशील तीच जाऊबाईंच्या शाळेतल्या तिसरीच्या पोरांनाही लाव, पारावरच, मराठी गोष्ट आणि इंग्लिश गोष्ट दोन्ही देऊन. बस, टाय आणि गॅदरिंग बघून तुलना होत नाही. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी एक मोठा प्रयोग केला होता, 180 गावांत, लॉटरी काढून काही पोरांना खासगी शाळेची फी दिली, बाकीची सरकारीत राहिली, आणि चार वर्षांनी मोजलं. तेलुगू आणि गणितात दोघं सारखीच! हिंदीत खासगीवाली पुढे, कारण सरकारी प्राथमिकमध्ये हिंदी शिकवतच नव्हते. म्हणजे एरवी खासगीतली पोरं पुढे दिसतात त्यातलं बरंचसं श्रेय घरचं असतं. पण खासगी शाळांनी ते एका पोरामागे सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशात केलं, हेही त्याच अभ्यासात आहे, तेव्हा आम्ही झेडपीवाल्यांनीही फार कॉलर ताठ करू नये.

मला सरळ विचारशील तर.. पारावरच्या पाचपैकी तीन-चार पोरं नीट वाचत असतील आणि एक तरी शिक्षक राहणार असेल तर मी डोळे झाकून इथे घालेन आणि बसमधला जाऊन-येऊन जो काही तास-दीड तास वाचेल त्यात तिला चिंचेखाली खेळू देईन. एकच पोरगं वाचत असेल तर नाही घालणार, सासऱ्यांना काय वाटायचं ते वाटो. चौथीनंतर पाचवीला कुठं, ह्याची चौकशीही आत्ताच करून ठेव, बरेच जण ती मेमध्ये करतात आणि मग धावपळ होते.

प्रश्न: बाई, आम्ही अमेरिकेत टेक्सासला असतो, घर घेतोय. एका घराच्या पब्लिक एलिमेंटरी स्कूलचं रेटिंग 10 पैकी 5 आहे, दुसऱ्याचं 9, आणि दोन घरांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. ग्रुपवर सगळे देसी लोक म्हणतात 8च्या खाली बघूच नका. 5 म्हणजे खरंच इतकी वाईट असते का हो?
– ऑस्टिनजवळून एक बाबा

उत्तर: तुमचं पत्र आलं तेव्हा मी हसले, म्हटलं आमच्याकडे भिंतीचा रंग, तुमच्याकडे हा आकडा. माझी भाचेसून तिकडेच असते, तिने मला शाळांना असे आकडे देणारी ती ग्रेटस्कूल्सची साइट दाखवलीय, घरं विकणाऱ्या वेबसाइटवर घराच्या फोटोखाली तोच आकडा येतो ना.. म्हणजे घरासोबत शाळाही विकायला ठेवल्यासारखी.

त्या आकड्यात टेस्टच्या मार्कांचा मोठा वाटा असतो, आणि सरासरी मार्क हे बहुतेक करून त्या वस्तीतल्या घरांची कमाई आणि शिक्षण सांगतात. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या जिल्ह्यांचे मार्क गोळा करून हेच दाखवलं, की सरासरी मार्क घरच्या परिस्थितीप्रमाणे हलतात, पण पोरं एका वर्षात किती पुढे सरकली याचा घरच्या श्रीमंतीशी फारसा संबंध लागत नाही. तेव्हा 5 आणि 9 बाजूला ठेवा, त्याच पानावर खाली प्रोग्रेस किंवा ग्रोथचा वेगळा आकडा दिसला तर तो बघा. 5वाल्या शाळेत तो चांगला असेल तर तिथले शिक्षक काम करतायत, आणि 9वाली त्यात ढिली असेल तर तिथं पोरं घरूनच तयार होऊन येतायत.

तिकडे प्रत्येक राज्याला दर शाळेचं रिपोर्ट कार्ड जाहीर करावं लागतं, 2015च्या कायद्याने. त्यात सतत गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण असतं, ते आवर्जून वाचा. मुलं आणि पालक शाळेला किती धरून आहेत हे मला त्यावरून जास्त कळेल. मग प्रिन्सिपलला मेल करून शाळा बघायला जा, आणि विचारा की गेल्या तीन वर्षांत किती टीचर सोडून गेले, वाचनात मागे पडलेल्या दुसरीतल्या पोरासाठी नेमकं काय करता. ‘वी लव्ह ऑल अवर किड्स’ असं गुळगुळीत उत्तर आलं तर परत विचारा, कोण, कधी, आठवड्यातून किती वेळा? वरचं वाईच्या आईला दिलेलं उत्तरही वाचा, वजाबाकी सगळीकडे तीच असते.

देसी ग्रुपचं म्हणाल तर तिथं प्रत्येकाने स्वतः 9वालं घर घेतलेलं असतं, त्यांना दुसरं काही म्हणता येत नाही हो.

प्रश्न: आमच्या झेडपी शाळेच्या मॅडम वर्गात बसू देत नाहीत, म्हणतात पालकांना परवानगी नाही. आमचा हक्क नाही का?
– एक पालक, नांदेड जिल्हा

उत्तर: चालू वर्गात कधीही जाऊन बसायचा हक्क असा कुठल्या कायद्यात नाही, आणि नसलेलाच बरा. पण शाळा कशी चाललीय हे बघायचं काम कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समितीला दिलंय, त्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. तुमच्या शाळेत ती समिती कोण आहे ते विचारा. पुष्कळ गावांत सह्या घरी नेऊन घेतात आणि बैठक कागदावरच होते, सदस्य बाईलाच माहीत नसतं की आपण सदस्य आहोत. बैठकीची नोंदवही मागा, पुढच्या बैठकीला जाऊन बसा, आणि समितीकडूनच ‘महिन्यातून एक दिवस दोन पालक तासाला बसतील’ असा ठराव करून घ्या, मग मॅडमनाही नाही म्हणायला जड जाईल.

अजून एक, मॅडम का नाही म्हणतात तेही बघा. माझ्या हाताखालच्या एका शिक्षिकेने असंच दार लावून घेतलं होतं. खोदून विचारलं तर कळलं, आधीच्या गावात एकाने वर्गात शूटिंग करून, पोरगं चुकलेलं तेवढंच कापून गावच्या ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही जाल त्या दिवशी मोबाइल घरी ठेवून जा.